माळकरी

माळकरी : गळ्यात तुळशीची माळ घालून पंढरीची वारी, एकादशी आणि रोजचं नामस्मरण हा नेम जन्मभर सांभाळणारा माणूस, मग तो शेतकरी असो, शिंपी असो, एसटीचा ड्रायव्हर असो नाहीतर रिटायर झालेले मास्तर. वारकरी आणि माळकरी हे शब्द लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात, त्यात फार चुकीचं काही नाही, पण आषाढीला दिंडीत चालणारा प्रत्येक जण माळकरी असतोच असं नाही आणि गुडघे गेल्यामुळे घरीच बसलेल्या आजोबांची माळ काही उतरत नाही. संसार न सोडता, कामधंदा न सोडता टिकाऊ समाधान कसं मिळवायचं याचं जे उत्तर वारकरी परंपरेने दिलं ते या नेमात आहे, म्हणून या नोंदीत मूर्ती आणि मंदिराच्या इतिहासापेक्षा नेमावर भर दिलाय.

माळ घेण्याचा विधी अगदी साधा. होमहवन नाही, मुहूर्ताचा फार घोळ नाही, दक्षिणेचा आग्रह नाही. बहुतेक लोक आषाढी किंवा कार्तिकी एकादशीच्या सुमाराला पंढरपुरात किंवा आळंदीत आपल्या फडाच्या, म्हणजे एका महाराजांभोवती जमलेल्या मंडळींच्या, महाराजांकडे जातात, माळ ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवतात, वर्षातून निदान एक वारी करीन असं कबूल करतात आणि महाराज ती माळ उचलून गळ्यात घालतात. कानात सांगायचा गुप्त मंत्र असा काही नसतो, 'रामकृष्णहरी' हा मंत्र तर दिंडीत सगळ्यांच्या तोंडी उघडपणे असतोच. पथ्यं मात्र कडक असतात. मटण-मासे बंद, दारू बंद, परस्त्री मातेसमान, खोटं बोलायचं नाही, दोन्ही पंधरवड्यांतली एकादशी धरायची, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, आणि रोज हरिपाठ. ज्ञानदेवांच्या नावावरच्या या हरिपाठाचे अभंग सत्तावीस की अठ्ठावीस हा फरक छापील प्रतींमध्ये दिसतो, रूढ संख्या सत्तावीस. वाऱ्या चार, चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी, आणि ज्यांना जमतं ते दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पंढरपूर आणि वद्य एकादशीला आळंदी अशी महिन्याची वारी करतात.

ही रीत कधी सुरू झाली यावर बरंच लिहिलं गेलंय आणि मतं एकमेकांशी जुळत नाहीत. परंपरा सगळं पुंडलिकापाशी नेऊन ठेवते, पुंडलिकाचा काळ मात्र इतिहासाच्या साधनांतून ठरवता येत नाही. सगळ्यात जुना म्हणून इ. स. ५१६ चा राष्ट्रकूट राजा अविधेयाचा ताम्रपट दाखवला जातो, त्यात पांडरंगपल्ली नावाच्या गावाचा उल्लेख आहे आणि काही अभ्यासक हे गाव म्हणजेच पंढरपूर समजतात, पण गावाच्या नावातल्या साम्यापलीकडे त्याला फारसा आधार दिसत नाही आणि त्यात विठ्ठलही नाही, त्यामुळे त्यावर इमारत उभी न करणंच बरं. पक्की जमीन लागते ती बाराव्या-तेराव्या शतकात. शके ११११ म्हणजे ११८९ च्या पंढरपूरच्या शिलालेखावरून तेव्हा तिथे विठ्ठलाचं देऊळ होतं असं सर्वसाधारणपणे मानतात. शके ११५९ (१२३७) च्या संस्कृत-कन्नड लेखात होयसळ राजा सोमेश्वराने देवाच्या पूजेसाठी गाव दिल्याचं आलंय. आणि १२७३ ते १२७७ या काळातला तो प्रसिद्ध चौऱ्याऐंशीचा शिलालेख, ज्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी भाविकांची समजूत आहे, तो खरं तर देणगीदारांची यादी आहे, लहानमोठ्या लोकांनी देवाला काय काय दिलं त्याची. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० ची. म्हणजे ज्ञानदेव आणि नामदेव (१२७०–१३५०) यांच्या आधीच लांबून लांबून लोक भक्तीने पंढरीला येत होते आणि देत होते हे मान्य करावं लागतं. संतांनी त्या येण्याजाण्याला विचार दिला, भाषा दिली, हे म्हणणं जास्त पटतं.

विठ्ठल मुळात कोण याबद्दल ग. ह. खरे यांनी शिलालेखांच्या आधारे आणि रा. चिं. ढेरे यांनी 'श्री विठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात धनगर-गवळी समाजांच्या दैवतांशी नातं लावून मांडणी केली आहे. ढेऱ्यांचे सगळेच दुवे सगळ्यांना मान्य नाहीत, पण गुराखी लोकांचा देव पुढे वैष्णव झाला ही त्यांची मूळ दिशा आता बरेच जण स्वीकारतात.

माळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. तुळशीची माळ ही काही एकट्या वारकऱ्यांची नाही, भारतभरचे वैष्णव ती घालतात. वारकरी वाङ्मयात तिचा ठसठशीत उल्लेख तुकोबांच्या (साधारण १६०८–१६५०, जन्मसालाबद्दल मतभेद) अभंगात येतो. 'आम्ही तेणें सुखी। म्हणा विठ्ठल विठ्ठल मुखीं॥' असं सुरू करून ते पुढे 'कंठीं मिरवा तुळसी। व्रत करा एकादशी॥' असं मागणं मागतात. म्हणजे सतराव्या शतकात माळ आणि एकादशी ही जोडी ठरलेली होती. पण गुरूच्या हातून, पोथीवर ठेवून, वारीचा शब्द देऊन माळ घ्यायची ही पद्धत तेवढीच जुनी आहे का, तर इथे सावध राहायला हवं. खुद्द तुकोबांना उपदेश झाला तो बाबाजी चैतन्यांकडून आणि तोही स्वप्नात, माघ शुद्ध दशमीला गुरुवारी, असं तेच सांगतात. त्यात माळेचा विधी नाही. प्रत्येक फडाची आपापली भजनाची चाल आणि दिंडी असते. वासकर, देहूकर, आजरेकर असे फड नावारूपाला आले ते तुकोबांनंतरच्या काळात, आणि आजचा विधी या फडांच्या शिस्तीतून घट्ट झाला असावा असं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं. गळ्यातली तुळस जुनी, शपथ त्यामानाने नवी.

पालखी सोहळ्याची तारीख तुलनेने स्पष्ट आहे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमाराला तुकोबांच्या आणि ज्ञानदेवांच्या पादुका एकाच पालखीत घालून न्यायला सुरुवात केली असं मानतात, आणि एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडच्या आरफळचे, शिंद्यांच्या दरबारी राहिलेले हैबतबाबा यांनी माऊलींचा, म्हणजे ज्ञानदेवांचा, सोहळा वेगळा करून त्याला आजची शिस्त लावली. अंकलीचे शितोळे सरदार त्यासाठी घोडे देतात, ते अजूनही येतात. देहूची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीची अष्टमीला. दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी हा माऊलींच्या पालखीचा रस्ता सगळ्यांना तोंडपाठ आहे.

आता मूळ मुद्दा, सुखाचा. वरच्या अभंगामागे एक परंपरागत गोष्ट सांगतात, शिवाजी महाराजांनी नजराणा पाठवला आणि तुकोबांनी तो परत केला ती. इतिहास म्हणून ती कितपत धरायची यावर एकमत नाही, पण 'तुमचें येर वित्त धन। तें मज मृत्तिकेसमान॥' ही ओळ त्याच अभंगात आहे आणि ती लिहिणारा माणूस सुखवस्तू बसून लिहीत नव्हता हे लक्षात घ्यायला हवं. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, व्यापार बुडाला, अब्रू गेली, आणि मग घरातल्या कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली असं चरित्रकार सांगतात. म्हणून तुकोबा 'आम्ही तेणें सुखी' म्हणतात तेव्हा ते दुःख न पाहिलेल्या माणसाचं बोलणं नाही. सुख हे मिळकतीवर टांगून ठेवलं की मिळकतीबरोबर जातं, नेमावर ठेवलं की राहतं, हा माळकऱ्याचा अनुभव आहे आणि तो मनापासून खरा वाटतो.

दुसरी बाजू कामाची. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात, आपलं रोजचं कर्म हीच फुलं आणि त्यांनीच सर्वात्मक ईश्वराची पूजा होते, असं सांगणारी ओवी आहे आणि कीर्तनकार ती सारखी सांगतात. त्याचं चालतंबोलतं उदाहरण म्हणजे माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी. मळा सोडून ते पंढरीला गेलेच नाहीत अशी आख्यायिका आहे, कांदा-मुळा-भाजीतच त्यांनी विठाई पाहिली. चोखामेळा, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, जनाबाई, कुणीच आपला धंदा टाकून संत झाले नाहीत. वारी पण बघा कशी बसवलीय, पेरणी उरकली की आषाढी. पाऊस लांबला आणि पेरणी अडली तर घरातला एक जण मागे थांबतो आणि दुसरा चालायला जातो, विठोबाला हे चालतं असा सगळ्यांचा ठाम विश्वास.

या समाधानाने महाराष्ट्र थंड पडला का, हा वाद जुना आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संतांच्या निवृत्तीवर कडक टीका केली, उलट न्या. म. गो. रानडे यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरच्या ग्रंथात संतांनी समाज जागा केला म्हणून पुढचं सगळं घडलं अशी बाजू मांडली. रानड्यांचं म्हणणं राजकारणापुरतं थोडं ताणलेलं वाटतं, पण माळकरी आळशी असतो हे मात्र ज्याने एकदा पहाटे काकड्याला जाऊन तिथूनच धारा काढायला पळणारी माणसं बघितलीत तो कधीच म्हणणार नाही.

घरात माळ आली की काय बदलतं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पश्चिम महाराष्ट्रात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण असतं, तेव्हा माळकऱ्यांचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चुलीवर, आणि पंगतही बाजूला. आमंत्रण द्यायला आलेला पावणा आधी विचारतोच, "तुमच्यात माळकरी किती?" दारू सुटावी म्हणून बायको-आईने हट्ट धरून माळ घालायला लावलेले पुरुष कितीतरी आहेत, त्यातले सगळे टिकतात असं नाही, पण जे टिकतात त्यांच्या घरचं चित्र बदलतं आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतं. संध्याकाळी देवळात हरिपाठाला उभं राहणं, टाळ वाजवणं, भेटल्यावर वय-जात न बघता एकमेकांच्या पाया पडणं आणि "राम कृष्ण हरी माऊली" म्हणणं, यात एकटेपणा राहत नाही. सुखाबद्दल बोलताना लोक श्रद्धेचं नाव घेतात पण ही सोबत तितकीच महत्त्वाची असते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. पाया पडण्यात भेद न मानणाऱ्या या पंथाच्या देवाच्या देवळात दलितांना शतकानुशतकं आत जाता येत नव्हतं, चोखोबांची समाधी महाद्वारापाशी नामदेव पायरीसमोर आहे आणि १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं तेव्हा ते दार उघडलं. शिकवण आणि वागणूक यात अंतर होतं, आणि ते अंतर तोडायला पुढे झालेल्यांत याच शिकवणीवर वाढलेली माणसं होती, हे दोन्ही नोंदवायला हवं.

बायकांची माळ हा विषय अभ्यासकांनी थोडक्यात उरकलाय. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांची नावं घेतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बायकांचे फोटो छापतात. फडांचं प्रमुखपद मात्र बहुतेक पुरुषांकडेच राहिलं.

विसाव्या शतकात विष्णुबुवा जोग महाराज (१८६७–१९२०) यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तनकारांची एक मोठी पिढी तिथून बाहेर पडली. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) कॉलेजचे प्रिन्सिपॉल असूनही वारी चालत, शहरातला शिकलेला वर्ग माळ घालायला लागला त्यात त्यांचा वाटा मोठा. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा माळकऱ्यांनी घरीच एकादशी केली आणि हरिपाठ मोबाईलवर ग्रुप कॉल लावून म्हटला.

माळेबद्दल थोडं. जपाची माळ १०८ मण्यांची आणि एक मेरुमणी, गळ्यातली त्यामानाने छोटी, गळ्याला लागून बसणारी. मणी तुळशीच्या वाळलेल्या खोडाचे, पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. खोड कापायचं, तुकडे करायचे, छिद्र पाडायचं, कातायचं, ओवायचं. नवा मणी फिकट आणि जरा खरखरीत असतो, घामाने आणि तेलाने वर्षभरात तो काळपट गुळगुळीत होतो. बाजारात साध्या लाकडाच्या माळाही तुळशीच्या म्हणून विकल्या जातात, म्हणून जाणते लोक ओळखीच्या घरातूनच घेतात. माळ तुटली तर परत ओवून गळ्यात घातल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही असं बरेच जण पाळतात, त्यामुळे पक्क्या माळकऱ्याच्या पिशवीत जास्तीचा दोरा असतोच.