दोन चुका आणि चालू पंप

मंडईतून जांभळा कोबी आणा, चिरून उकळा आणि पाणी गाळून घ्या. ते कोमट झालं की त्यात चमचाभर साखर आणि पावासाठी वापरतात ते कोरडं यीस्ट घाला. काही वेळाने जांभळा रंग गुलाबीकडे झुकू लागेल, म्हणजे पाणी आंबट होतंय. त्यातलं थोडं श्रेय विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडला द्यायला हवं, पण मोठा वाटा यीस्टच्या पेशीपटलात बसवलेल्या एका पंपाचा. साखर मिळाली की तो जोरात सुरू होतो आणि आतले प्रोटॉन, म्हणजे पाणी आंबट करणारे धनभाराचे कण, बाहेर फेकत राहतो.

एवढी शक्ती खर्चून प्रोटॉन बाहेर कशाला टाकायचे? पुण्यातल्या सोसायटीत राहणाऱ्याला हे पटकन कळेल. मोटर खालचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते, मग नळ सोडला की पाणी आपल्या ओढीने येतं. यीस्टमध्येही तसंच होतं. पेशीच्या आत सामू (पीएच, आंबटपणाचं माप) ७ च्या आसपास आणि बाहेर ४ असेल, तर बाहेर प्रोटॉन हजारपट दाट असतात. ते आत परतायला धडपडतात, आणि परतताना अमिनो आम्लांसारखा लागणारा माल सोबत ओढून आणतात. एक एटीपी, म्हणजे पेशीच्या इंधनाचा एक रेणू, जळला की साधारण एक प्रोटॉन बाहेर जातो.

या पंपाचं नाव पीएमए१. त्याचं जनुक १९८६ मध्ये वाचलं गेलं आणि ९१८ अमिनो आम्लांची साखळी हाती आली. ही साखळी पेशीपटल दहा वेळा आरपार ओलांडते. तिच्यातलं ३७८ वं अमिनो आम्ल, ॲस्पार्टिक आम्ल, एटीपीकडून फॉस्फेट घेतं आणि त्या झटक्याने पंपाचा आकार बदलतो. झणझणीत मिसळीनंतर पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेतो ना, ती आपल्या जठरातल्या ज्या पंपाला गप्प करते, तो या यीस्टपंपाचाच चुलतभाऊ. फॉस्फेट घ्यायची युक्ती दोघांची एकच.

पण अक्षरांची माळ वाचली म्हणून यंत्र कळत नाही. कुठलं अक्षर काय करतं हे शोधायला ते बदलून बघावं लागतं, म्हणजे मुद्दाम उत्परिवर्तन घडवावं लागतं. आणि इथेच घोडं पेंड खातं. हा पंप बंद पडला तर यीस्ट मरतं. बिघडवलेला पंप तपासायचा, पण तो ज्या पेशीत आहे ती जिवंतच नाही!

त्यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कॅरोलिन स्लेमन यांच्या गटाने काढलेला तोडगा मला फार आवडतो. पेशीत पंपाची दोन जनुकं ठेवायची. चांगलं जनुक फक्त गॅलॅक्टोज साखरेवर चालू राहील, आणि बिघडवलेलं फक्त उष्णतेने जागं होईल. आधी यीस्ट गॅलॅक्टोजवर, थंडाव्यात वाढवायचं. मग ग्लुकोज देऊन चांगलं जनुक मिटवायचं आणि तापमान चढवायचं. शिवाय हे यीस्ट असं निवडलेलं, की तापमान वाढलं की नवा माल घेऊन निघालेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीपटलाला जुळतच नाहीत. त्या आत साचत जातात आणि त्यांच्यात असतो तो ताजा, बिघडवलेला पंप. पिशव्या वेगळ्या काढायच्या, एटीपी द्यायचा आणि पिशवीच्या पोटात प्रोटॉन जमतात का ते बघायचं. ॲक्रिडिन ऑरेंज नावाचा रंग मिसळला की काम सोपं होतं: पिशवी आतून आंबट झाली की त्याची चमक उतरते.

काही बदलांनी काहीच फरक पडला नाही, काहींनी वेग कमी केला. ३७८ वं बदललं तर मात्र अनर्थ. त्या पंपाची घडी नीट पडत नाही म्हणून तो आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीत नवी प्रथिनं घडतात त्या जाळीत, अडकतो, वर शेजारचे चांगले पंपही तिथेच अडकवून ठेवतो.

सगळ्यात मजेशीर गोष्ट ६९५ आणि ७३० या दोन जागांची. पाचव्या आरपार तुकड्यातल्या ६९५ व्या जागी धनभाराचं आर्जिनिन, सहाव्यातल्या ७३० व्या जागी ऋणभाराचं ॲस्पार्टिक आम्ल. यांपैकी कुठलंही एक काढून तिथे भाररहित अमिनो आम्ल बसवलं, की पंपाची घडी बिघडते आणि तो जालिकेच्या पुढे सरकत नाही. त्यावरून कुणीही म्हणेल, प्रोटॉन नेण्याचं काम हीच दोघं करत असणार. मीही तेच म्हटलं असतं. १९९८ मध्ये याच गटाने दोन्ही एकदमच बदलली, दोन्हीकडे साधं ॲलानिन बसवलं. पंप व्यवस्थित घडला, पिशव्यांपर्यंत पोहोचला आणि जवळजवळ नेहमीच्या वेगाने प्रोटॉन ओढू लागला. दोघांची अदलाबदल केली, तरीही चाललं.

म्हणजे ही दोघं प्रोटॉन वाहून नेणारे हमाल नव्हतेच. धन आणि ऋण भार एकमेकांना धरून होते, दोन तुकड्यांना जोडणारा टाका म्हणून. एक काढला की दुसऱ्याचा भार तेलकट पटलाच्या मधोमध उघडा पडतो आणि घडी विस्कटते. दोन्ही काढले की तक्रार करायला कोणी उरत नाही. एकेकच अक्षर बदलत राहिलं असतं, तर हे कधी कळलंच नसतं.

२००७ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या वनस्पतीच्या अशाच पंपाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. त्यातही ही जोडी एकमेकांजवळ दिसते, त्यांचे क्रमांक तेवढे ६५५ आणि ६८४. पण तिथल्या ॲस्पार्टिक आम्लाचा भार काढला, तर प्रोटॉन नेणं थांबतं. एकाच घराण्यातले दोन पंप, तीच जागा, तेच अक्षर. वनस्पतीत तो हमाल आणि पावाच्या यीस्टमध्ये नुसता टाका.