वराची कमाई (स्थळ पाहताना)

महाराष्ट्रात ठरवून होणाऱ्या लग्नांत मुलाच्या कमाईचा आकडा पाहतात, त्याहून अधिक तिची शाश्वती पाहतात. ठरल्या तारखेला पगार घेणारा पर्मनंट शिपाई चार एकरांच्या बागायतदाराआधी पसंत पडतो, कारण कांद्याचे पैसे किती येतील हे भाव फुटेपर्यंत बागायतदारालाही माहीत नसते.

राज्यातील सरासरी वहितीधारण, म्हणजे एका शेतकऱ्याकडची कसायची जमीन, 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होते, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आले. त्यात पुन्हा भावाबहिणींच्या वाटण्या. शिवाय शेतकऱ्याच्या घरात सुनेला खुरपणी, शेणघाण, धारा चुकत नाहीत आणि सातबाऱ्यावर तिचे नाव सहसा नसते. हे सोसलेली आईच लेकीसाठी नोकरीवाला मागते. याला मुलींचा हावरेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मुलींची संख्याही घटली. 2001 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे 913 मुली होत्या. ती मुले आज लग्नाची आहेत आणि तुटवड्याची झळ आधी कमी कमाईच्या मुलांना लागते. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तो याच प्रश्नावर.

परिचयपत्रातील ‘पॅकेज’ हा हातात येणारा पगार नव्हे. सहा लाखांच्या पॅकेजला बाराने भागून पन्नास हजार धरले जातात. मूळ वेतन 25,000 असेल, तर भविष्यनिर्वाह निधीत मालकाचे 3,000 आणि कर्मचाऱ्याचे 3,000, ग्रॅच्युइटीचे सुमारे 1,200 व व्यवसाय कराचे 200 वजा होऊन साधारण 42,600 उरतात. कामगिरीवर मिळणारा भाग पॅकेजमध्ये धरला असेल, तर आणखी कमी. म्हणून तीन महिन्यांच्या पगारपावत्या पाहाव्यात आणि घराचा हप्ता विचारावा.

शेतीचे स्थळ असेल तर सातबारा आणि 8-अ (खातेदाराच्या नावावरील त्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा) दोन्ही मागावेत. ‘दहा एकर’ सांगितलेली जमीन अनेकदा चुलत्यांसह सामाईक निघते. ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसतो; हातउसने मात्र कोणत्याही कागदावर येत नाही, ते गावातच कळते. विचारायला संकोच वाटतो, पण हे सुपारी फुटण्याआधीच विचारायचे असते.

स्थळ मिळत नसलेल्या घरांना दलाल गाठतात. मुलीच्या घरच्यांसाठी म्हणून रोख रक्कम घेतात, घाईने मंदिरात लग्न लावतात आणि काही दिवसांत नवरी दागिन्यांसह निघून जाते. मुलीचे आधार कार्ड, तिचे मूळ गाव आणि नातेवाईक प्रत्यक्ष जाऊन न पाहता पैसे दिले, तिथे ही फसवणूक साधते. बदनामीच्या भीतीने बरेच जण तक्रारही देत नाहीत.