खोली रिकामी दिसते, मग 3 वाजेपर्यंत थांबायचं कशाला?

(मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक)

पानगळ सुरू झाली की आमच्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "आता सीझन संपलाय, खोल्या रिकाम्याच असतील. आम्ही 11 वाजताच येतो, चालेल ना?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. उन्हाळ्यात पाचही खोल्या भरलेल्या असतात तेव्हा लवकर येण्याचं कुणी नावही काढत नाही. आता मात्र अंगणात एकच गाडी उभी असते, वरच्या खिडक्या सताड उघड्या दिसतात, आणि दारात उभा असलेला मालक, म्हणजे मी, घड्याळाकडे बघत "तीनला या" म्हणतो. माणूस उगाच अडून बसलाय असंच कुणालाही वाटेल. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून ठेवतो.

आमच्याकडे खोली सोडायची वेळ सकाळी 10:30 आणि खोली ताब्यात मिळायची वेळ दुपारी 3. मधल्या साडेचार तासांत आम्ही झोपा काढत नाही. घर चालवणारे आम्ही दोघंच. सकाळी 8 वाजता तुमच्या पुढ्यात गरम नाश्ता ठेवणारी आणि 11 वाजता तुमच्या पलंगावर चादर घालणारी माणसं तीच. नाश्ता 9:30 ला आटोपतो, मग भांडी, मग निघणाऱ्यांचा हिशोब, मग दारातल्या गप्पा. या गप्पा आम्ही आवरत्या घेत नाही, कारण पुन्हा येणारे बहुतेक पाहुणे त्या गप्पांमुळेच येतात. जिना चढून वर जाईपर्यंत 11 वाजलेले असतात.

उघड्या खिडक्यांची गोष्ट

खोलीत गेल्यावर पहिलं काम म्हणजे पांघरूण पायथ्याशी उलटं टाकायचं आणि खिडक्या उघडायच्या. नवी चादर लगेच घालायची नाही. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून साधारण अर्धा लिटर पाणी खोलीत सोडतात. त्यातलं बरंचसं हवेत आणि काचांवर जातं, थोडं गादीत मुरतं. लगोलग चादर ताणून बसवली तर पलंग दिसायला छान दिसेल, पण ती ओल आत कोंडली जाते आणि चार दिवसांनी येणाऱ्या पाहुण्याला कुबट वास येतो. गादीतल्या धुळीत राहणारे माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, तेही या ओलीवरच जगतात. हवेतली आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांचा टिकाव लागत नाही. ज्यांना सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

"पण बाहेर पाऊस आहे, खिडकी उघडून आणखी ओल आत येणार नाही का?" हे आम्हाला दर आठवड्याला कुणीतरी समजावून सांगतं. येत नाही. बाहेर 8 अंश तापमान आहे आणि हवा बाष्पाने अगदी भरलेली, म्हणजे 100 टक्के आर्द्रता आहे असं समजा. तीच हवा आत घेऊन 20 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 46 टक्क्यांच्या आसपास येते. गार हवेत मुळात पाणी कमी मावतं, त्यामुळे पावसातली गार हवासुद्धा तुमच्या रात्रभराच्या हवेपेक्षा कोरडी असते. दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, बंद करायच्या, मग हीटर. त्यामुळे खिडक्या उघड्या दिसल्या की खोली मोकळी आहे असं समजू नका. तेव्हा तिचं काम नुकतंच सुरू झालेलं असतं.

ओली चादर, गार चादर

चादरी, अभ्रे आणि दुलईच्या खोळी आम्ही 60 अंशांच्या पाण्यात धुतो. त्याहून कमी तापमानात डाग जातात, माइट जातीलच असं नाही. उन्हाळ्यात दोरीवर टाकलेली चादर दोन तासांत खडखडीत वाळते. या दिवसांत ती संध्याकाळी काढली तरी कडेची शिवण ओलीच लागते. मग ड्रायर. आणि आमचा ड्रायर एका वेळी एकाच खोलीचे कपडे घेतो.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. "चादर ओली आहे" ही आमच्याकडची पानगळीतली सगळ्यात जुनी तक्रार, आणि बहुतेक वेळा चादर पूर्ण कोरडी असते, नुसती गार असते. माणसाच्या त्वचेत ओल ओळखणारं स्वतंत्र इंद्रिय नाही. गारवा आणि स्पर्श यांची बेरीज करून मेंदू 'ओलं' असा निष्कर्ष काढतो. म्हणून गार कापड हाताला ओलं वाटतं. आम्हीही फसतो. चादर कपाटातून काढली की आधी थोडा वेळ हीटरजवळ ठेवून गरम करतो आणि मग हात लावून बघतो. गरम झाल्यावरही दमट लागली तर परत ड्रायरमध्ये.

पण यावर खरा उपाय चादरीचा नाही, गादीचा आहे. मंदीच्या दिवसांत आम्ही दोन खोल्या बंद ठेवतो आणि तिथला हीटर अगदी मंद करतो. "वरची ती कोपऱ्यातली रिकामीच आहे की" असं म्हणून पाहुणे बोट दाखवतात ती नेमकी अशी खोली असते. हीटर वाढवला की अर्ध्या तासात हवा उबदार होते. भिंती आणि गादी व्हायला दुपार उजाडते. घाई केली तर काय होतं तेही बघितलंय. 20 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा 12 अंशांखालच्या भिंतीला लागली की भिंतीवर पाणी धरतं. पलंगाच्या डोक्याशी, जिथे हवा खेळत नाही, तिथे बोट फिरवलं तर रेघ उमटते. तिथेच पुढे काळी बुरशी धरते.

शिवाय रिकाम्या खोलीला डागडुजी याच दिवसांत करावी लागते. छपराच्या पन्हळीत पानं साचली की पाणी भिंतीवरून उतरतं, म्हणून कधी कधी तुम्हाला हव्या असलेल्या खोलीच्या खिडकीबाहेर शिडी आणि शिडीवर मी असतो.

ज्या एका चुकीने आमचा दिवस मोडतो

ती चूक म्हणजे लवकर येणं नव्हे. न कळवता लवकर येणं.

मागच्या पानगळीतला एक रविवार. पाचही खोल्या सकाळी सुटल्या होत्या, त्यातल्या तीन दुपारी लागणार होत्या. 11:40 ला बेल वाजली. मी दुलईची खोळ उलटी करून दोन्ही हात तिच्या कोपऱ्यांत घातलेले, आतून दुलईची टोकं पकडलेली, आता फक्त झटकायची बाकी. हे काम मध्येच सोडलं की दुलई आत गोळा होते आणि पुन्हा पहिल्यापासून. सोडलं. खाली चौघांचं कुटुंब, भिजलेलं, अतिशय सभ्य. "आम्ही नुसती खोली बघतो, सामान ठेवतो आणि फिरायला जातो." नाही कसं म्हणणार? मुलं तयार पलंगावर बसली, बुटांना चिकटलेली पानं गालिच्यावर आली, एकाने अंघोळही उरकून घेतली. कुणाचीच चूक नाही. पण ती खोली पुन्हा करावी लागली आणि जे पाहुणे सांगितल्याप्रमाणे बरोबर 3 वाजता आले त्यांना 4 वाजेपर्यंत बैठकीत बसून राहावं लागलं. चुकीची किंमत नेहमी अशी तिसराच माणूस मोजतो.

"हॉटेलात तर लगेच खोली देतात." देतात, मान्य. त्यांच्याकडे एकसारख्या खोल्या पुष्कळ असतात, एक नाही तर दुसरी देता येते, आणि खोल्या आवरणारी माणसं वेगळी, किल्ली देणारी वेगळी. आमच्या पाचही खोल्या वेगळ्या आहेत. तुम्ही खिडकीशी झाड असलेली खोली मागितली असेल तर आम्ही तुम्हाला दुसरी गळ्यात मारणार नाही.

त्यापेक्षा असं करा

लवकर पोहोचणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करा. मग आम्ही सकाळी तुमच्याच खोलीपासून सुरुवात करतो आणि ती पुष्कळदा 1 वाजेपर्यंत देता येते. वेगळे पैसे घेत नाही. बुकिंगच्या संकेतस्थळावर 'विशेष विनंती'च्या रकान्यात लिहू नका. तो मजकूर आमच्यापर्यंत कधी लगेच येतो, कधी तुम्ही येऊन गेल्यावर. तसं पाहिलं तर बुकिंगही थेट फोनवर केलंत तर मधलं कमिशन वाचतं आणि तुमच्यासाठी वेळ मागेपुढे करायला आम्हालाही सोपं जातं.

सामान 10 वाजल्यापासून केव्हाही ठेवा. खालचं स्वच्छतागृह वापरा, ओले कोट दाराजवळच्या खुंट्यांवर अडकवा, चहा-कॉफीची किटली बैठकीत आहे. खोली तयार झाली की संदेश पाठवतो. मात्र ओले कपडे वर नेऊन हीटरवर पसरू नका. आमच्याकडे द्या, धुलाईच्या खोलीत वाळवून देतो.

सकाळी पोहोचताच खोली हवीच असेल, लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल, तर आदल्या रात्रीचं बुकिंग करणं सगळ्यात निर्धास्त. आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोन रात्री राहिलात तर निघायच्या दिवशी आम्ही बहुधा 12 वाजेपर्यंत खोली तुमच्याकडेच ठेवतो, कारण मागून कुणी येणारं नसतं आणि धुलाईही एकदाच पडते. खरं तर हे दिवस राहायला सगळ्यात चांगले. पायवाटा मोकळ्या असतात, नाश्त्याला खिडकीजवळचं टेबल मिळतं. फक्त दिवस झपाट्याने आखडतो. आमच्यासारख्या 50 उत्तर अक्षांशाच्या आसपासच्या ठिकाणी या दिवसांत उजेडाची रोज साडेतीन-चार मिनिटं कमी होतात, म्हणजे महिन्याभरात पावणेदोन-दोन तास. मागच्या महिन्यातल्या अंदाजाने निघालात तर शेवटचं वळण अंधारात चुकेल. 7 नंतर येणार असाल तर सांगा, फाटकावरचा दिवा चालू ठेवतो.

उन्हाळी वेळ संपून सगळी घड्याळं एक तास मागे जातात त्या रविवारी नाश्त्याची वेळ नव्या घड्याळाप्रमाणे. मोबाइल आपणहून बदलतो, तुमच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ आम्ही तुम्हाला न उठवता बदलू शकत नाही. दरवर्षी कुणीतरी 7 वाजता आवरून खाली येऊन बसतं. चहा मिळेल, नाश्ता 8 लाच.

वेळ कळवायला लांबलचक काही लिहायला नको. "साडेचारला पोहोचतो, दोघं आहोत, बूट ओले असतील" एवढं पुरे. बुटांचं आधी कळलं तर त्यांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं दाराशी काढून ठेवतो; सकाळपर्यंत बरेच कोरडे होतात.