चढ श्वास मागतो, उतार मांड्या

वेल्सच्या उत्तर भागात एलिदिर व्हौर नावाचा 924 मीटर उंचीचा डोंगर आहे. वरून पाहिलं तर राखाडी दगडांची रास, एका अंगाला पाटीच्या दगडाची जुनी, प्रचंड खाण. हा डोंगर आतून मात्र पोखरलेला आहे. त्याच्या पोटात सुमारे 16 किलोमीटर लांबीचे बोगदे आहेत आणि 1984 पासून तिथे दिनोर्विग हे वीजकेंद्र चालतं. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या ल्लिन पेरिस तळ्यातलं पाणी पंपांनी वरच्या मार्खलिन माउर तळ्यात चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची. आपल्याकडे भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरला हेच तत्त्व वापरलंय. पाणी चढवायला 100 युनिट वीज लागली, तर उतरताना त्यातली साधारण 75 युनिट परत मिळतात.

याच डोंगराच्या पाठीवरून दरवर्षी काही माणसं धावत जातात. चढताना तीही पाण्यासारखी ऊर्जा साठवतात, पण उतरताना त्यांना त्यातलं जवळपास काहीच परत मिळत नाही. उलट उतरण्यासाठी शरीर वेगळी किंमत मोजतं, आणि माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापातलं खरं विज्ञान त्या किमतीत आहे. चढाचं कौतुक सगळेच करतात, म्हणून उताराबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटतं.

आधी ही धाव काय आहे ते सांगतो. एररी, म्हणजे इंग्रजीत ज्याला स्नोडोनिया म्हणत आले, त्या डोंगराळ प्रदेशातली 47 शिखरं एका दमात जोडणारा सुमारे 100 किलोमीटरचा फेरा पॅडी बकली यांनी आखला, आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. एकूण चढ सुमारे 8,500 मीटर. जिथून निघालो तिथेच परत यायचं, म्हणजे उतारही तेवढाच. ही स्पर्धा नाही. झेंडे नाहीत, खुणा नाहीत, वाट आपली आपण शोधायची. 1982 मध्ये वेंडी डॉड्स या डॉक्टर असलेल्या धावपटूनं हा फेरा पहिल्यांदा पूर्ण केला, 25 तास 38 मिनिटांत. नियमात वेळेची अट नाही, पण 24 तासांच्या आत परतायचं ही मनातली रेघ बहुतेकांनी आखून घेतलेली असते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला 42 शिखरांचा बॉब ग्रॅहम फेरा, स्कॉटलंडमधला 24 शिखरांचा रॅम्से फेरा आणि हा वेल्समधला, असं ते त्रिकूट आहे. जॅस्मिन पॅरिस हिनं 2016 या एकाच वर्षात तिन्ही केले, त्यातला वेल्सचा 18 तास 33 मिनिटांत.

24 तास हा आकडा किती कडक आहे हे समजायला एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये तो मांडला. मेट्रिकमध्ये सांगायचं तर दर 5 किलोमीटरला एक तास धरा आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. धडधाकट माणसाच्या चालीचा हा हिशेब आजही डोंगरात वापरतात. तो या फेऱ्याला लावला तर अंतराचे 20 तास आणि चढाचे 14, मिळून 34 तास होतात. तेही न थांबता, न जेवता, न चुकता. म्हणजे नेस्मिथच्या माणसापेक्षा 10 तास कमी.

आता चढ. अंगावरचे कपडे, बूट, पाठीवरची छोटी पिशवी धरून 70 किलो वजन 8,500 मीटर वर न्यायचं, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं निव्वळ काम होतं सुमारे 58 लाख जूल, म्हणजे साधारण 1,400 किलोकॅलरी. हे ऐकायला फार वाटत नाही. पण स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा भाग कामात बदलतात, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे नुसत्या चढाला साडेपाच हजारांच्या पुढे किलोकॅलरी लागतात. त्यात पुढे सरकण्याचा आणि उतरण्याचा खर्च मिळवला, तर आकडा आठ हजारांच्या वर जातो. दलदल, भुसभुशीत गवत आणि सुटे दगड यांचा भार वेगळाच.

एवढी ऊर्जा येते कुठून? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर मिळून दोन हजार किलोकॅलरीपर्यंत जाते. चरबीत मात्र सडपातळ माणसाकडेही 50 हजारांहून जास्त किलोकॅलरी असतात. अडचण अशी की चरबी हळू जळते, आणि वेग वाढवला की शरीर साखरेकडे वळतं. म्हणून जाणकार माणूस पहिल्या तासात स्वतःला आवरतो आणि तीव्र चढ चालतच जातो, हात गुडघ्यांवर टेकवून. यात कमीपणा नाही. खूप तीव्र चढावर एकाच वेगानं धावणं आणि चालणं यांची तुलना कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी खास उभ्या ट्रेडमिलवर केली, तेव्हा चालण्याला कमी ऊर्जा लागते असं दिसलं. वाटेत खायचं तर आतड्यांनाही मर्यादा आहे. ग्लुकोज शोषणारी वाहक प्रथिनं तासाला साधारण 60 ग्रॅमवर अडतात. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे दोन्ही मिसळून घेतलं तर 90 ग्रॅमपर्यंत जाता येतं. पण 15-16 तासांनंतर रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, पोट मळमळतं, गोड घशाखाली उतरत नाही. मग उकडलेला बटाटा, सूप, असं खारट काहीतरी लागतं.

इथवर चढाचं शास्त्र सरळ आहे. छाती भात्यासारखी चालते, हृदय धडधडतं, श्वास लागतो, आणि थांबलं की पाचेक मिनिटांत सगळं जागेवर येतं. उताराचं तसं नाही.

इटालियन शास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये डोंगरात धावणाऱ्या कसलेल्या खेळाडूंना 45 टक्क्यांपर्यंतच्या चढ-उतारांवर ट्रेडमिलवर धावायला लावलं आणि त्यांचा ऑक्सिजन मोजला. सगळ्यात स्वस्त धावणं सापडलं सुमारे 20 टक्के उतारावर, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 20 मीटर खाली. तिथे खर्च सपाटीच्या निम्म्यावर येतो. त्याहून तीव्र उतार असला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण आता शरीराला सतत ब्रेक लावावा लागतो.

हा ब्रेक म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. चढताना तो आखडत जाऊन गुडघा सरळ करतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना पाय जमिनीला लागला की गुडघा वाकतो, स्नायू ताणला जातो, आणि त्याच क्षणी तो आखडायचा जोर लावत असतो, नाहीतर आपण कोसळू. जोर लावत असतानाच लांब होत जाणं, हे उताराचं मर्म. रस्सीखेचीत समोरचा संघ जड निघाला आणि आपली माणसं टाचा रोवूनही पुढे ओढली जाऊ लागली, तर जसं होईल तसं.

या प्रकारचं काम किती वेगळं असतं हे 1952 मध्ये लंडनमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी फार सुरेख दाखवलं. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीनं जोडल्या. एकानं नेहमीसारखं पुढे पेडल मारायचं, दुसऱ्यानं उलटे फिरणारे पेडल नुसते रोखायचे. दोघांचा जोर सारखाच, कारण साखळी एकच. तरीही पुढे मारणारा धापा टाकू लागला आणि रोखणारा आरामात बसून राहिला. ऑक्सिजनचा खर्च कित्येक पटींनी वेगळा निघाला. रॉयल सोसायटीत प्रात्यक्षिक झालं तेव्हा रोखायला बसली होती चणीनं लहान ब्रेंडा बिगलंड, आणि तिनं धिप्पाड गड्याला दमवलं. मला शरीरशास्त्रातला हा सर्वात देखणा प्रयोग वाटतो, कारण तो बघायला ना यंत्र लागतं ना आलेख.

कारण आपल्याला आज बऱ्यापैकी माहीत आहे. स्नायूच्या आत मायोसिन या प्रथिनाची सूक्ष्म मुंडकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला पकडून ओढतात आणि प्रत्येक वेळी पकड सोडायला एटीपी हे ऊर्जेचं नाणं खर्च होतं. स्नायू बाहेरून ताणला जात असेल तर बरीच मुंडकी नाणं न देताच झटक्यानं सुटतात. शिवाय तेवढाच भार पेलायला कमी तंतू पुरतात. म्हणून श्वास लागत नाही, म्हणून उतार फुकटचा वाटतो. पण थोड्याच तंतूंवर सगळं ओझं आलं की त्यांतल्या प्रत्येकावरचा ताण वाढतो. तंतूतले कमजोर दुवे प्रमाणाबाहेर ताणले जातात, काही तुटतात, पेशींचं आवरण फाटतं, कॅल्शियम नको तिथे शिरतं, आणि पेशीच्या आत राहायला हवं असं क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात झिरपू लागतं.

हे सगळं या फेऱ्यात 8,500 मीटर घडत राहतं. चढताना कमावलेले 58 लाख जूल उतरताना उष्णता म्हणून पायांतच विरतात. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचं सुमारे 17 लिटर पाणी उकळेल. दिनोर्विगमध्ये ती उतरंड जनित्र फिरवते, माणसात ती तंतू फाडते. म्हणून रात्री दोन-तीन वाजता एखाद्या धावपटूचा दम शाबूत असतो, हृदय ठीक असतं, खाल्लेलं पोटात राहिलेलं असतं, आणि तरीही तो चढ चढतो पण उतार उतरू शकत नाही. मांड्या ब्रेक धरत नाहीत. गुडघा अचानक मुडपतो.

दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याला अजूनही लोक लॅक्टिक ॲसिडचं नाव देतात. ते चूक आहे. लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं आणि शरीर त्याचं इंधनही करतं. मांड्या भरून येतात त्या फाटलेल्या तंतूंच्या दुरुस्तीसाठी आलेल्या सुजेमुळे, आणि ठणका शिगेला पोहोचतो एक ते तीन दिवसांनी. एक गोष्ट मात्र गांभीर्यानं सांगायला हवी. नासधूस फार झाली तर स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तात येऊन मूत्रपिंडांवर घाला घालू शकतं. इतक्या लांब धावेनंतर लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावं. अशा वेळी स्वतःच्या मनानं वेदनाशामक गोळ्या घेणं मूत्रपिंडांना आणखी महागात पडू शकतं.

हवामानाबद्दल थोडक्यात. यर विद्वा, म्हणजे स्नोडन, फक्त 1,085 मीटर उंच आहे, कळसूबाईहून बरंच कमी. पण समुद्र शेजारी आहे आणि ढग थेट येऊन आदळतात. जवळच्या क्रीब गोख या धारेवर वर्षाला सरासरी 4,400 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, ब्रिटनमधल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी ती एक. आपल्या घाटमाथ्याला हा आकडा नवा नाही, फक्त तिथला पाऊस गार असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं. धावपटू वेगात असतो तोवर त्याच्याच स्नायूंची भट्टी त्याला ऊब देते. मांड्या गेल्या, वेग मंदावला, की भट्टी विझते आणि ओले कपडे अंगातली ऊब ओढू लागतात. पहाटे शरीराचं तापमान तसंही दिवसातल्या सर्वात खालच्या पातळीवर असतं. म्हणजे हायपोथर्मियाची, शरीर धोकादायकरीत्या गार पडण्याची, सुरुवातही अनेकदा उतारावर गमावलेल्या मांड्यांपासून होते. जूनमध्ये तिथे जवळपास 17 तास उजेड असतो, म्हणून पुष्कळ जण तोच महिना निवडतात.

यावर उपाय आहे, आणि तो शरीरानंच ठेवलाय. स्नायूला एकदा उताराचा मार बसला की दुरुस्ती करताना तो स्वतःला बदलून घेतो, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच उतारानं नुकसान बरंच कमी होतं. हे संरक्षण काही आठवडे, कधीकधी काही महिनेही टिकतं. जून-जुलैत पहिला गड उतरून आल्यावर जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि तीन आठवड्यांनी तसाच दुसरा गड केला तर फारसं काही होत नाही, हा अनुभव सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येकाला आहे. तो दमाचा फरक नसतो. दम तीन आठवड्यांत एवढा वाढत नाही.

सपाटीवर कितीही किलोमीटर धावलं तरी हे संरक्षण मिळत नाही, कारण तिथे स्नायू इतका ताणलाच जात नाही. ते उतरूनच मिळवावं लागतं. म्हणून वेल्सचा फेरा करू पाहणारे शेवटच्या दोन-तीन महिन्यांत डोंगर निवडतात तो उतारासाठी. वर सावकाश चालत जातात, धापही लागू देत नाहीत, आणि खाली येताना मांड्या मुद्दाम दुखवून घेतात. शेवटचा असा दिवस फेऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी ठेवतात, म्हणजे तंतू भरून आलेले असतात आणि आठवण ताजी असते. डोंगरांच्या पायथ्याच्या ल्लानबेरिस गावाहून घड्याळाच्या दिशेनं निघालेल्याचं 47 वं शिखर मोएल आयलिओ. तिथून गावापर्यंत गवताळ उतार आहे, साधारण 600 मीटरचा.