सोयी दिल्या म्हणून घर भाडेकरूचं होत नाही

'फार सोयी दिल्या तर भाडेकरू ठाण मांडतो आणि घर हातचं जातं,' ही भीती पुण्या-मुंबईतल्या घरमालकांच्या मनातून जाता जात नाही. म्हणून कपाटाविना खोल्या आणि दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम २४ स्पष्ट आहे: लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ घर वापरू देण्याच्या कराराची, मुदत संपली की मालकाला ताबा परत मागता येतो. करार मात्र नोंदवलेलाच हवा, अगदी अकरा महिन्यांचा असला तरी. कलम ५५ ही जबाबदारी मालकावरच टाकतं.

तेव्हा बिनधास्त खर्च करा. फॉल्स सीलिंगचा नाद मात्र सोडा. रोज स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाला घरात टिकवून ठेवतात ते गॅसवरचा एक्झॉस्ट फॅन, खिडक्यांची मच्छरजाळी आणि वॉशिंग मशीनसाठी वेगळा नळ.