पंधरा हजारांची रेघ : गुजरातमधील स्वनिर्भर शाळा आणि फी-नियंत्रणाची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी घरांत शाळेच्या फीचा विषय निघाला की एक वाक्य अजूनही ठामपणे ऐकायला मिळते : कायद्याने पंधरा हजारांच्या वर फी घेताच येत नाही. दांडिया बाजारात ते ऐकू येते, मांजलपूरला ऐकू येते, आणि ज्या घरातल्या मुलाची फी याच्या कितीतरी पट आहे तिथेही ऐकू येते. तिथे त्याला दुसरे वाक्य जोडलेले असते, की म्हणजे आपली शाळा बेकायदा पैसे घेते आहे. पहिले वाक्य चूक आहे, आणि केवळ त्याच्या आधारावर दुसरे सिद्ध होत नाही. पण हा गैरसमज पालकांनी आपल्या मनाने उभा केलेला नाही. २०१७ मध्ये गुजरातचा फी-नियंत्रण कायदा ज्या पद्धतीने लोकांसमोर आला, तिथेच त्याचे मूळ आहे.

संस्थानी काळाचा इतिहास बडोदेकराला नव्याने सांगायला नको. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. आपल्या विषयापुरता त्याचा अर्थ इतकाच, की प्राथमिक शाळेची फी हा प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वीच राज्याने आपल्या अंगावर घेतला होता. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. प्राथमिक शाळांना मुंबई राज्याचा १९४७ चा कायदा लागू राहिला आणि माध्यमिक शाळांसाठी १९७२ चा कायदा आला. त्या काळात खासगी शाळा म्हणजे ट्रस्टची शाळा. इमारत ट्रस्टची, शिक्षकांचा पगार सरकारचा. फी किरकोळ असे आणि तीही सरकारच्या हिशेबात बसलेली. त्यामुळे देखरेखीचे हत्यार एकच होते, अनुदान. नियम मोडला तर ग्रँट कापली जाई, आणि डीईओ म्हणजे जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसला त्याहून वेगळे काही करावे लागत नसे.

ही व्यवस्था मोडली ती कोणत्याही एका निर्णयाने नाही. नव्या शाळांना अनुदानाशिवाय परवानगी मिळू लागली, इंग्रजी माध्यमाची मागणी वाढली, आणि शहर जुन्या पेठांबाहेर गोत्री, वासणा-भायली, समा-सावली रस्त्याच्या बाजूला पसरले तशा तिथे मोठाल्या कॅम्पसच्या शाळा उभ्या राहिल्या. सीबीएसई किंवा आयसीएसईशी संलग्न शाळेला राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, पण ते एकदा हातात आले की राज्याकडे तिच्यावर धरायला फारसे काही उरत नसे. जी शाळा सरकारकडून पैसाच घेत नाही, तिची ग्रँट कशी कापणार?

या शाळांना गुजरातीत 'स्वनिर्भर' म्हणतात आणि बडोद्याच्या मराठीतही तोच शब्द रुळला आहे. महाराष्ट्रात विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित असे तीन शब्द आहेत आणि प्रत्येकामागे वेगळा सरकारी निर्णय आहे. आपल्याकडे एका शब्दात सगळे आले. स्वनिर्भर म्हणजे स्वतःच्या पायावर उभी असलेली. ही शाळा उभी असते ती मात्र पालकांच्या फीवर. मला हा शब्द चुकीचा वाटतो, आणि ही नुसती भाषेची तक्रार नाही. शाळा स्वतःच्या पैशाने चालते असे एकदा शब्दातच मान्य केले की तिचा हिशेब विचारणाऱ्या पालकाला तिऱ्हाईत ठरवणे सोपे जाते.

सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये जो निकाल दिला त्याचा आधार दोन्ही बाजू अजून घेतात. विनाअनुदानित संस्थेला आपली फी ठरवण्याचा अधिकार आहे, विस्तारासाठी वाजवी शिल्लकही राखता येते, पण नफेखोरी चालणार नाही आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी फीव्यतिरिक्त मागितलेली देणगी, घेता येणार नाही. वाजवी शिल्लक कुठे संपते आणि नफेखोरी कुठे सुरू होते, हे मोजायचे कोणी? पुढच्या सगळ्या कायद्यांनी याचेच उत्तर शोधले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कॅपिटेशन फीवर तिच्या दहा पटींपर्यंत दंड ठेवला आणि पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. २०१२ मध्ये ही तरतूद सर्वोच्च न्यायालयात टिकली, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या गेल्या. नियमित फी किती असावी याबद्दल मात्र हा कायदा काही सांगत नाही.

त्याच वर्षी गुजरातने या कायद्याखाली जे नियम केले त्यांची देशभर चर्चा झाली. आधीपासून चालू असलेल्या खासगी शाळांच्या मान्यतेसाठी मैदान आणि खोल्या मोजण्यापेक्षा मुले काय शिकली याला जास्त वजन दिले गेले : शिक्षणाच्या प्रत्यक्ष पातळीला ३० टक्के, त्यात झालेल्या सुधारणेला ४०, सुविधांना १५, आणि अभ्यासाबाहेरची प्रगती व पालकांचा अभिप्राय यांना मिळून १५. खोली थोडी लहान म्हणून गल्लीतली स्वस्त शाळा बंद पडू नये हा विचार चांगलाच होता. पण फी यातही नव्हती.

फीचे कायदे इतर राज्यांत आधी झाले. तमिळनाडूने २००९ मध्ये निवृत्त न्यायाधीशाच्या समितीची वाट धरली. महाराष्ट्राच्या २०११ च्या कायद्यात संस्थेचा फीचा प्रस्ताव आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो. पुण्या-ठाण्यात नातेवाईक असलेल्या बडोदेकरांना हा फरक चांगला ठाऊक आहे, कारण गुजरातने नेमके हेच घेतले नाही.

मार्च २०१७ च्या अखेरीस गुजरात विधानसभेने स्वनिर्भर शाळांच्या फी-नियमनाचा कायदा मंजूर केला. अहमदाबाद, बडोदा, सुरत आणि राजकोट अशा चार विभागांच्या समित्या ठरल्या. समितीत अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीश किंवा निवृत्त वरिष्ठ अधिकारी, एक चार्टर्ड अकाउंटंट, एक सिव्हिल इंजिनिअर किंवा मूल्यांकनकार, एक शिक्षणतज्ज्ञ आणि एक शाळा-संचालकांचा प्रतिनिधी. पालकांचा प्रतिनिधी नाही. पहिल्यांदा नियम मोडला तर पाच लाख दंड, दुसऱ्यांदा दहा लाख, त्यापुढे मान्यतेवर गदा.

आणि मग आकडे : प्राथमिकसाठी वर्षाला १५,०००, माध्यमिकसाठी २५,०००, उच्च माध्यमिकसाठी त्याहून थोडे अधिक.

या आकड्यांचे कायद्यातले काम आणि लोकांच्या मनातले काम सुरुवातीपासून वेगळे राहिले. कायद्यात ही एक रेघ आहे. रेघेच्या खालच्या शाळेने प्रतिज्ञापत्र द्यायचे, म्हणजे 'सोगंदनामा' : आमची फी इतकी आहे, मर्यादेत आहे. तिची तपासणी तिथेच जवळपास संपते. रेघेच्या वर फी घ्यायची असेल तर समितीपुढे दरखास्त करायची. पगार, इमारत, देखभाल, जागा, वाजवी शिल्लक, सगळ्याचा हिशेब मांडायचा आणि समिती ठरवेल ती फी घ्यायची. समितीने पन्नास हजार मंजूर केले तर पन्नास हजार कायदेशीर. रेघ फी थांबवत नाही, ती शाळांची दोन गटांत विभागणी करते.

पण २०१७ च्या उन्हाळ्यात हे असे कोणी सांगितले? बातम्यांत 'फीवर मर्यादा' आले, भाषणांत दिलासा आला, डिसेंबरात निवडणूक होती. पालकांनी जूनमध्ये जुन्याच फीची पावती हातात घेतली आणि आपली फसवणूक झाली असे त्यांना वाटले. संचालक म्हणत होते की आम्ही दरखास्त करणार आहोत, निर्णय लागेपर्यंत हीच फी. पालक म्हणत होते की मर्यादा आहे, तर आधी कमी करा. दोघेही एकाच कायद्याकडे बोट दाखवत होते. शाळांच्या दारात त्या वर्षी जे तंटे झाले त्यांतले कितीतरी या एका गोंधळातून आले, आणि त्याची किंमत पालकांनी अधिक मोजली. फी न भरल्याने निकाल अडकण्याची धास्ती त्यांच्या मुलांना होती, संचालकांच्या नाही.

शाळा उच्च न्यायालयात गेल्या. मुद्दे गंभीर होते : सीबीएसईच्या शाळांवर राज्याचा अधिकार चालतो का, अल्पसंख्याक शाळांचे काय, फी ठरवण्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते का. २७ डिसेंबर २०१७ ला, निवडणुकीचे निकाल लागून नऊ दिवस झाले असताना, उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि तो सर्व बोर्डांच्या शाळांना लागू राहिला. शाळा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथून फेब्रुवारी २०१८ मध्ये अंतरिम आदेश आला. त्यानंतर समित्यांनी हंगामी फी जाहीर करायला सुरुवात केली. 'हंगामी' या शब्दाने गोंधळ आणखी वाढवला. पालकाने ती भरली तर अंतिम फी कमी निघाल्यावर फरक परत कधी मिळणार, आणि जास्त निघाली तर थकबाकी किती जमणार, हे घरखर्चाच्या वहीत लिहिता येण्यासारखे नव्हते.

एक गोष्ट संचालकांच्या बाजूचीही सांगायला हवी. रेघ रुपयांत आखलेली आहे आणि महागाई थांबत नाही. रेघेच्या जरा खाली असलेली साधी शाळा, वाघोडिया रस्त्यावर असो की जुन्या शहरात, पगार वाढवायला गेली की रेघ ओलांडते, आणि मग दरखास्त, ऑडिट, सुनावण्या. म्हणून ती खालीच राहते आणि शिक्षकाचा पगारही खालीच राहतो. मर्यादा वाढवा ही संचालक मंडळांची मागणी म्हणूनच पुन्हा पुन्हा येते, आणि लहान शाळांपुरती ती मला रास्त वाटते. मोठ्या शाळांच्या वतीने तोच युक्तिवाद केला जातो तेव्हा तो लागू पडत नाही, कारण त्या रेघेच्या कितीतरी वर आहेत आणि हिशेब करणारी माणसे त्यांच्याकडे पगारावर असतात.

करोनाच्या वर्षी सगळे पुन्हा उसळले. १६ जुलै २०२० च्या सरकारी ठरावाने शाळा प्रत्यक्ष उघडेपर्यंत फी घ्यायला मनाई केली. उत्तर म्हणून स्वनिर्भर शाळांनी २३ जुलैपासून ऑनलाइन वर्ग थांबवले, काही दिवसांनी पुन्हा सुरू केले. महिनाअखेरीस उच्च न्यायालयाने ठरावातला फीबंदीचा भाग रद्द केला. ३० सप्टेंबरला तोडगा जाहीर झाला : शिक्षण-फीत २५ टक्के कपात, आणि बस, वाचनालय, खेळ, कॉम्प्युटर अशा न वापरलेल्या गोष्टींची फी नाही. पुढे मे २०२१ मध्ये राजस्थानच्या शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याचा फी-कायदा वैध ठरवला आणि बंद काळात शाळांचा जो खर्च वाचला त्यापोटी १५ टक्के कपात सांगितली. राज्याला फीचे नियमन करता येते का, हा मूळ प्रश्न त्याने बराचसा मिटवला.

२०२३ मध्ये गुजराती हा विषय पहिली ते आठवी सर्व बोर्डांच्या शाळांत सक्तीचा झाला, पालन न करणाऱ्या शाळेला ५० हजारांपासून दंड. बोर्ड दिल्लीचे असले तरी शाळेवर राज्याचा हात पोहोचतो, हे फीच्या खटल्याने आधीच ठरले होते, म्हणून याला फारसा विरोध उभा राहिला नाही.

राहिला पावतीचा प्रश्न. समितीने मंजूर केलेली फी आणि घरातून प्रत्यक्ष जाणारा पैसा यांत गणवेश, ठरावीक दुकानातली पुस्तके, बस, सहल, कार्यक्रम येतात. ऐच्छिक म्हणून दाखवलेली रक्कम खरेच ऐच्छिक आहे का, हे समितीला कागदावरून कळत नाही. ते पालकाने लेखी तक्रार केली तरच कळते, आणि तक्रार शाळेचे नाव घालून, मुलाचे नाव घालून करावी लागते. म्हणून दरखास्त असलेल्या शाळेच्या पालकाने सगळ्यात आधी मागायचा कागद म्हणजे आपल्या शाळेचा समितीने दिलेला फी-आदेश. त्यात वर्ग, वर्ष आणि रक्कम लिहिलेली असते. पंधरा हजारांचा आकडा त्या पालकाच्या काही कामाचा नाही, या आदेशातला आकडा आहे.