डग्गा का घुमला?

महारानी रोडवरून आणलेला सहा इंची स्पीकर अजून खोक्यात बसवायचा होता. टेबलावर उताणा ठेवून त्याच्या कागदावर टिचकी मारली, तर ‘ढब्ब’ असा घुमता आवाज आला. मग मागची दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडली आणि पुन्हा टिचकी मारली. आता नुसतं ‘टप’. घरात जुना वूफर पडला असेल तर करून पाहा.

चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल (कागदाला चिकटवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) स्वतःच छोटं जनित्र होते. टोकं जोडली की त्या विजेला वाट मिळते, आणि तो प्रवाह हलण्यालाच अडवतो. झोपाळ्यावर बसून एक पाय फरशीला घासत ठेवावा, तसं. नेहमीचे अँप्लिफायर हेच करतात. त्यांचा आउटपुट रोध (स्पीकरच्या बाजूनं पाहिलं तर विजेला होणारा अडथळा) ०.१ ओहमच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. स्पीकरच्या लेखी तो तारेचा तुकडाच. असा अँप्लिफायर व्होल्टेज ठरवतो आणि करंट किती ओढायचा ते स्पीकरवर सोडतो.

पण कागदाला ढकलतो तो करंट. चुंबकीय क्षेत्र, तारेची लांबी आणि करंट यांचा गुणाकार म्हणजे बळ. व्होल्टेज त्यात कुठेच नाही. आणि स्पीकरचा करंट भरवशाचा नसतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. जोरात वाजवताना कॉइल १०० अंशांनी तापली, तर रोध ४० टक्क्यांच्या घरात चढतो आणि आवाज जवळजवळ ३ डेसिबलनं बसतो. (आमचा इंदूरचा मे महिना त्यापुढे काहीच नाही.) शिवाय कॉइल आत-बाहेर होताना तिचं इंडक्टन्सही (करंटच्या चढउताराला ती करते तो विरोध) बदलतं. ते करंटमध्ये उतरतं, म्हणजे थेट गाण्यात.

मग करंटच का ठरवू नये? स्पीकरच्या वाटेत ०.२२ ओहमचा रेझिस्टर घालायचा आणि फीडबॅक (किती करंट जातोय याची अँप्लिफायरला परत मिळणारी खबर) त्याच्यावरून घ्यायचा. कॉइल तापो वा गार होवो, अँप्लिफायर लागेल तेवढं व्होल्टेज चढवून करंट कायम राखतो. इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठाच्या मिल्स आणि हॉक्सफर्ड यांनी १९८९ साली या पद्धतीनं आवाजातली विकृती घटते हे मांडलं. फीडबॅक नसलेले जुने पेंटोड व्हॉल्व्हचे (पाच इलेक्ट्रोडांच्या काचेच्या नळीचे) रेडिओही नकळत काहीसे असेच वागायचे.

मीही जोडणी केली. इंदूरकराला स्पीकर पारखायला उस्ताद अमीर खाँ यांचा मंद्र पुरतो. गळा एकदम मोकळा, जवळचा वाटला. तेवढ्यात आतून आई म्हणाली, “अरे, हा डग्गा आहे की रिकामं पिंप?”

तिचं बरोबर होतं. मी झोपाळ्यावरचा पाय उचलला होता. करंट ठरवणाऱ्या अँप्लिफायरचा आउटपुट रोध प्रचंड, म्हणून विजेचा ब्रेक गायब; अनुनादाच्या जागी, म्हणजे ज्या स्वराला स्पीकर आपसूक घुमतो तिथे, कागद मनसोक्त डोलतो. माझ्या खोक्याचा अनुनाद ७० हर्ट्झजवळ. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्जही ६९ वर, म्हणजे नेमका त्याच जागी. शेवटी खोक्यात जास्त कापूस भरला आणि ७० हर्ट्झला आवाज दाबणारं सर्किट अँप्लिफायरच्या आधी घातलं. आईनं पुन्हा विचारलं नाही.

बाजारातल्या दोन-तीन स्पीकरांच्या तयार खोक्याला मात्र हे लावू नये. आतला क्रॉसओव्हर (जाड-बारीक स्वर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारं सर्किट) व्होल्टेज गृहीत धरून बेतलेला असतो, तो साफ बिघडतो. आणि चालू अँप्लिफायरची स्पीकरची तार काढू नका: करंटला वाट नाही म्हटल्यावर अँप्लिफायर व्होल्टेज थेट सप्लायच्या टोकापर्यंत नेऊन ठेवतो.